आचलला अजून वेळ हवा आहे

भातकुली,
१० जुलै २०२५

आचल पोरी,

तुझ्या बापाने माझ्या गळ्यात घंटा बांधली आणि ती तू वाजवत सुटली आहेस. काल भेंडी तोडताना फोन तीनदा वाजला. भेंडीच्या कुसांनी हात खाजत होते, ते पदराला पुसून पाहिलं तर लिहिलेलं, 'आचलला अजून वेळ हवा आहे.' खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. मी तिन्ही वेळा नामंजूर दाबलं.

राग आला असेल. येऊ दे. पण तुझ्या खेळाची वेळ राखणारं हे अ‍ॅप माझ्या फोनमध्ये का आलं ते ऐकून घे. तुझ्या आईचा पासवर्ड तू तिच्या बोटांकडे बघून ओळखलास. बापाला तू दुकानातल्या गर्दीच्या वेळी फोन करायचीस, म्हणजे तो सुटका करून घ्यायला 'घे बाई' म्हणायचा. शेवटी तुझा बाप मनोज इथे आला, माझ्या फोनमध्ये ते बसवलं आणि म्हणाला, "ताई, तुह्याकडून आजपावतो कोनी फुकट सांबार नेला नाही. हे पोट्टी तूच सांभाळ." सांबार म्हणजे तुझ्या पुस्तकातली कोथिंबीर. बाकीचे भाजीवाले वजन झालं की वरून मूठभर टाकतात, मी टाकत नाही. सांबाराला काय पाणी लागत नाही?

अ‍ॅप मला आवडलं, हे कबूल करते. ओरडत नाही, टोमणे मारत नाही, संध्याकाळी सहाला तुझा खेळ उघडतं आणि पावणेसातला गुपचूप कुलूप लावतं. इतकी शांत बाई आपल्या घराण्यात अजून झालेली नाही. पण एक खोट आहे. वेळ हवा एवढंच ते सांगतं, कशाला हवा ते सांगत नाही. आणि कारण कळल्याशिवाय मी हो म्हणत नसते.

फोन करू नको. फोनवर तू फार गोड बोलतेस. भाव सांगताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, काट्याकडे बघते, म्हणून या धंद्यात टिकले. तेव्हा कारण लिहून पाठव. आमच्या शेजारचे डोमाजीभाऊ बडनेऱ्याहून रोज गाडीने अकोल्याला नोकरीला जातात. दर गुरुवारी भाजीची पिशवी त्यांच्या हाती पाठवत जाईन. रिकामी पिशवी परत येईल तिच्यात तुझं पत्र घाल.

तुझी
शालूआत्या


अकोला,
१३ जुलै २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. सातवीला पत्रलेखन आहे, म्हणून ही ओळ मला बरोबर येते. पण खरं पत्र मी पहिल्यांदाच लिहिते आहे. शाळेत फक्त पुस्तकं मागवायची पत्रं असतात.

कारण सांगते. माझा खेळ गोळ्या मारायचा नाही, शेतीचा आहे. मम्मीने कधी विचारलंच नाही. तिला फोन म्हटलं की सगळं एकच. सुरुवातीला एकच वाफा मिळतो, त्यात पेरायचं, तोडायचं, विकायचं आणि पुढचा वाफा घ्यायचा. आता माझं मोठं शेत आहे. विहीर आहे, कोंबड्या आहेत, दोन गाई आहेत आणि एक बैल आहे जो काहीच करत नाही. मेथी आणि मुळा मी जास्त लावते, कारण ते लवकर येतात. पण तयार झाले की लगेच तोडावे लागतात. नाही तोडले तर आधी पिवळे पडतात आणि मग काळे.

तू तीनदा नामंजूर केलंस त्या दिवशी माझे तीन वाफे मेथी काळी पडली. मी रडले. मम्मी म्हणाली, "खोट्या शेतासाठी काहून रडतं?" शेत खोटं असेल, आत्या, पण ते वाळताना मी बघितलं.

पपा म्हणतात तू आपल्या घरातली सगळ्यात हुशार शेतकरी आहेस. म्हणून तुलाच विचारते. तयार पीक समोर उभं असेल आणि कुणी फाटकाला कुलूप लावलं तर तू काय करशील?

तुझी लाडकी
आचल


भातकुली,
१७ जुलै २०२५

आचल,

काय करीन? फाटक तोडीन!

उभी मेथी वाळत होती आणि मी वर बसून नामंजूर दाबत होते. तुझं पत्र बांधावर वाचलं आणि मला घास गोड लागेना. असं पाप माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पोरी, हे आधीच का नाही सांगितलंस? गोळ्यांचा खेळ असता तर मी ढिम्म हलले नसते. पण तोडणीला आलेलं पीक थांबवायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांचा नियम, माझाही तोच. यापुढे तोडणीची मागणी आली की माझा हात मातीत असो की पिठात, मंजूर.

परवापासून चालूही केलं, ते तुला कळलंच असेल. काल पहाटे मी मेथीच्या जुड्या बांधत होते, तेवढ्यात तुझी मागणी आली. मला इतकं कौतुक वाटलं! पहाटे उठून तोडणी करणारी पोर आपल्या घरात जन्मली. आमचे हे, तुझे मामाजी, विचारत होते, "काहून व, एवढ्या पहाटे कोनाचा फोन?" मी म्हटलं, "आचलचा मुळा निघाला." तर म्हणतात, "भाव काय भेटला?" सांग बरं, भाव काय मिळाला? आणि त्या बैलाला बसून खायला घालू नको, विकून टाक.

एक सांगते. माझ्या घरात शेतीचं विचारायला कुणी नाही. आमचा सागर पुण्यात कंपनीत, त्याला भेंडी आणि गवार यातला फरक ताटात आल्यावर कळतो. तुझी घंटा वाजली की मला बरं वाटतं.

शालूआत्या


अकोला,
१२ ऑगस्ट २०२५

ती. शालूताईंना नमस्कार.

ताई, तुम्ही वयाने आणि मानाने मोठ्या, म्हणून हे फोनवर बोलायची हिंमत झाली नाही. तुमची आणि आचलची पत्रं चालतात ते बघून मीही कागद घेतला.

काल आचलच्या शाळेत बोलावलं होतं. ती गणिताच्या तासाला झोपते. बाकावर डोकं ठेवून, सरळ. घरी येऊन मी अ‍ॅपचा आठवड्याचा अहवाल उघडला. तो यांच्या मेलवर येतो आणि हे कधी बघत नाहीत. पहाटे खेळ, शाळेतून आल्याबरोबर खेळ, जेवणाआधी खेळ. प्रत्येक ठिकाणी 'पालकांनी मंजूर केले'. ताई, तुमच्याकडून फुकट काही सुटत नाही म्हणून तुमच्यावर सोपवलं होतं, आणि इथे तर कुंपणानेच शेत खाल्लं.

रागाने लिहिलं, माफ करा. पण एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. मी तिला समोर बसवून विचारलं, तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "मम्मी, मी मुद्दाम लवकर येणारंच पेरतो. मंग आत्याले मंजूर कराच लागते." ती तुम्हाला बनवत होती. आणि ते मला अभिमानाने सांगत होती.

तुम्हाला माहीत आहे, मी दवाखान्यात नर्स आहे. एक आठवडा दिवसाची ड्युटी, एक आठवडा रात्रीची. घरी येते तेव्हा माझ्या वाट्याला पोरीचा भांग येतो फक्त, कारण मान खाली फोनमध्ये असते. पूर्वी ती मी चपला काढायच्या आत बोलायला लागायची. आता विचारलं तर 'हं'. पेशंटची नाडी लागते मला, ताई, माझ्या पोरीची लागत नाही.

या रविवारी मी तो खेळ काढून टाकणार आहे, शेतासकट. तुम्हाला न सांगता केलं असं नको म्हणून हे पत्र.

आपली
साधना


भातकुली,
१४ ऑगस्ट २०२५

आचल,

तुझ्या आईचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले. बाजारात मला गंडवायला आलेले व्यापारी तोंड पाडून गेलेत आणि मला गंडवलं कुणी, तर सातवीतल्या पोट्टीने, तेही मुळ्याने! डोकं आहे तुझं, यात वाद नाही. 'मेथी आणि मुळा जास्त लावते' असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. ते वाचूनही मला समजू नये?

हसून झाल्यावर वाईट वाटलं. मुळ्याचं नाही. मी तुझ्या मागणीला शेतकऱ्याची मागणी समजत होते, आणि पहाटे कौतुकाने बटण दाबत होते. त्या कौतुकाचं वाईट वाटलं.

आता कामाचं. तुझ्या आईला मी फोन केला. रविवारी खेळ जाणार होता. मी तिच्याकडून पोळ्यानंतरच्या रविवारपर्यंत, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. अट तिची आहे आणि मी शब्द दिला आहे. तोवर रोज सहा ते पावणेसात, तेवढंच. त्यापुढे एकही मागणी माझ्या फोनवर आली, तर मी नामंजूर करणार, साधनाला सांगणार, आणि तुझं शेत जाणार. एकही, हं.

मेथी काळी पडेल म्हणून रडू नको. माझं ऐक. आमच्या पंपाला वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, तीही ठरलेले तास. वीजवाल्यांना 'शालूबाईला अजून वेळ हवा आहे' असं पाठवायचं बटण मला कुणी दिलेलं नाही. मग मी काय करते? पाळी बघून पेरते. जे पीक माझ्या पाळीत बसत नाही ते लावतच नाही, कितीही भाव असो. तुझी पाळी पाऊण तासाची आहे. रोज येते, न चुकता येते, माझ्यापेक्षा तू नशीबवान. त्यात बसेल असं पेर.

ते शेत माझ्या मंजुरीने वाचणार नाही. तुझ्या पेरणीने वाचलं तर वाचेल.

शालूआत्या


अकोला,
२० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते, म्हणून उत्तर उशिरा.

तिसऱ्या दिवशी मेथी आणि मुळा सगळा उपटला. मग वहीत प्रत्येक पीक किती वेळाने येतं ते लिहून काढलं. गणितातसुद्धा मी एवढं लिहीत नाही. कापूस पूर्ण एका दिवसाने येतो. आज सहाला पेरला की उद्या सहाला तयार. तूर दोन दिवसांची. संत्र्याची झाडं महाग आहेत, पण एकदा लावली की रोज एकदाच तोडायची आणि ती वाळत नाहीत. बैल विकला. त्या पैशात चार संत्री बसली. आता मी साडेसहालाच मोकळी होते आणि उरलेला वेळ नुसती शेतात फिरते. कोंबड्यांना नावं ठेवली आहेत. एकीचं नाव शालू आहे, कारण ती कुणाला अंडं उचलू देत नाही.

एकही वाफा काळा पडला नाही, आत्या. आणि मी एकदाही मागितलं नाही. तू बघतेच आहेस. पहिल्या दिवशी बोट बटणावर जाऊन परत आलं, हे खरं सांगते.

तुला बनवलं त्याचं मला वाईट वाटतं. तेव्हा मजा वाटली होती, पण तू पहाटेच्या मुळ्याचं कौतुक लिहिलंस तेव्हाच ती संपली. मी ते पत्र कंपासमध्ये ठेवलं आहे.

मम्मी रविवारी सुट्टीवर आहे. तिला शेत दाखवणार आहे. ती बघेल का?

तुझी
आचल


भातकुली,
२५ ऑगस्ट २०२५

आचल,

आज गुरुवार नाही, तरी डोमाजीभाऊंच्या हाती हे पाठवते आहे.

तुझं वीस तारखेचं पत्र मी मामाजींना दोनदा वाचून दाखवलं. बैल विकून संत्री लावली, यावर ते म्हणाले, "पोट्टी खानदानी निघाली." मी सगळा आठवडा फोन कमरेला खोचून फिरले आणि तो वाजला नाही. भेंडीत वाजला नाही, बाजारात वाजला नाही, पोळ्याच्या गडबडीत वाजला नाही. आयुष्यात कुठल्या फोनच्या गप्प राहण्याचा एवढा आनंद मला झाला नव्हता.

आणि काल, शेवटच्या दिवशी, पावणेसातला वाजला. 'आचलला अजून वेळ हवा आहे.'

पोरी, माझं बोट मंजूरवर गेलं होतं. कोण बघत होतं? फोन माझा, बटण माझं. तुझ्या आईला कळलंही नसतं. पण मी शब्द दिला होता, आणि तूही दिला होतास असं मी धरून चालले होते. नामंजूर दाबलं आणि पोळ्या करायच्या तशाच टाकून ओट्यावर बसले.

मला तुझा राग नाही. इतके दिवस तू जे केलंस ते मोठ्या माणसांना जमत नाही, ते एका बटणाने पुसलं जात नाही. पण साधनाला सांगणं भाग आहे. मी सांगण्याआधी तू सांग. ते तुला शोभेल. शेत गेलं तर दिवाळीत इकडे ये, विहिरीजवळचा एक वाफा तुझ्या नावाने ठेवते. तो मात्र खरा काळा पडतो, हे लक्षात ठेव.

शालूआत्या


अकोला,
२६ ऑगस्ट २०२५

ती. शालूताईंना नमस्कार.

तुमचं पत्र आचलने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. वर म्हणाली, "मम्मी, आता तूच लिव."

ताई, रविवारची मागणी मी केली होती.

तुमच्याकडे कारण लिहून पाठवायचा नियम आहे, म्हणून लिहिते. सहाला तिने मला शेजारी बसवलं. मी म्हटलं, बघते पाच मिनिटं. तिने शेत दाखवलं. कुठे काय पेरलं, का पेरलं, कुठलं किती वेळात येतं, सगळं. ताई, मी तिच्याकडे बघतच राहिले. मी वॉर्डात औषधांच्या वेळा लावते तशी तिने पिकं लावली होती. हे तिला कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "आत्यानं. आणि वीजवाल्यानं."

मग मलाही एक वाफा दिला. ती नको म्हणत असताना मी मिरची लावली. तिखट नसेल तर आपल्याकडे शेत कसलं? ती म्हणत होती, मिरची पाळीत बसत नाही. पावणेसात वाजले, मिरच्या लाल झाल्या आणि कुलूप लागलं. मी ओरडले, "अवं, माह्या मिरच्या राहिल्या ना तोडाच्या!" आणि खाली बटण दिसलं ते दाबून मोकळी झाले. आचलने डोक्याला हात लावला. "मम्मी, आपलं शेत जाते ना आता!" माझाच नियम, माझ्याच बोटाने मोडला.

पण मिरच्या हे खरं कारण नाही. तुमच्यापुढे खोटं कारण चालत नाही, म्हणून खरं सांगते. शेत दाखवता दाखवता ती बोलत होती. शाळेतलं, मैत्रिणीचं भांडण, गणिताच्या तासाला झोपली तेव्हा सगळे हसले ते, कोंबड्यांची नावं. पाऊण तासात एवढं बोलली, जेवढं सहा महिन्यांत बोलली नव्हती. मला वाटलं, कुलूप लागलं की ती उठून जाईल. म्हणून वेळ हवा होता. मला हवा होता.

तुम्ही नामंजूर केलंत. स्क्रीन काळी झाली. मी ती उठायची वाट बघत बसले.

ती उठली नाही, ताई. फोन बाजूला ठेवला, माझ्या मांडीवर डोकं टाकलं आणि पुढे बोलत राहिली. स्वयंपाकाला उशीर झाला. यांनी येऊन भात लावला.

शेत राहील. मिरच्या काळ्या पडल्या, त्याबद्दल मला घरात बोलणी खावी लागत आहेत.

आपली
साधना


भातकुली,
२८ ऑगस्ट २०२५

साधना,

कारण पोचलं. पटलं. पण नामंजूर ते नामंजूरच, मिरची पाळीत बसत नव्हती.

दर रविवारी पंधरा मिनिटं वाढवून ठेवली आहेत, तुम्हा दोघींची म्हणून. ती मागायची गरज नाही.

पिशवीत खाली भेंडी, वांगी आहेत, त्याचा हिशेब मनोजला माहीत आहे. वर सांबाराची जुडी आहे. तिचे पैसे पाठवू नको.

शालू